अम्माच्या घरचा झाडू

पळसबोडीला माझी बदली झाली तेव्हा मला जी खोली मिळाली, तिची मागची भिंत आणि बाबूभाईंच्या गोठ्याची भिंत एकच होती. मातीची भिंत, वरच्या अंगाला हातभर उघडी. गोठ्यातलं बोलणं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं. पहिल्याच पहाटे मी दचकून जागा झालो. पलीकडे कोणीतरी मोठ्या अदबीनं म्हणत होतं, "उठा महाराज. आधी पानी पेता का आधी आंग घासू?"

मला वाटलं, बाबूभाईंकडे कोणी मोठे पाहुणे उतरलेत. तेवढ्यात घंटी वाजली आणि तोच आवाज रागावला, "कबऱ्या, तू मंग. मोऱ्याले उठू दे पहिले. तुले रोजचीच घाई."

हा झाडू. एकोणीसशे नव्वद साल होतं आणि त्याची चाळिशी नुकतीच उलटली असावी. उंच, काटक, खांदे किंचित पुढे झुकलेले. हसताना तोंडावर हात धरायचा, कारण समोरचे दोन दात बैलाच्या शिंगानं गेले होते. मी त्याला नाव विचारलं तर म्हणाला, "झाडू."

"पूर्ण नाव?"

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "अम्माच्या घरचा झाडू." आणि तोंडावर हात धरून हसला.

त्याचं आडनाव कोडापे आहे, तो जंगलाकडच्या कोसमटोला या लहान वस्तीतला गोंड आहे, त्याच्या बापाची तिथे बोडीखाली धानाची शेती आहे, हे मला पुढे इतरांकडून कळलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. त्या बोडीच्या पाण्यावर तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, पिकायच्या. पळसबोडीहून टोला पायी तासाभराच्या वाटेवर. पण झाडू राहायचा बाबूभाईंच्या गोठ्यात. आणि अम्मा म्हणजे बाबूभाईंची आई, खुर्शीदा. गावात त्यांना सगळेच अम्मा म्हणत. त्यांच्या घरी किराणा दुकान, मोहफूल-हिरड्याची खरेदी आणि गावाखालची चांगली ओलिताची जमीन होती.

झाडू त्या घरचा कसा झाला ते मला अम्मांनीच सांगितलं. त्यांच्या ओसरीवर चहा घेत होतो आणि झाडू अंगणात दोर वळत बसला होता. त्याच्यादेखतच सांगितलं.

झाडूच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. हा झाला तेव्हा टोल्यातल्या बायकांनी जुनीच युक्ती केली. मूल फाटक्या लुगड्यात गुंडाळलं, अंगणातल्या केरात ठेवलं आणि सुईणीनं केराबरोबर त्यालाही झाडूनं लोटत फाटकाबाहेर काढलं. टाकून दिलं. बाहेरून जाणाऱ्या बाईनं ते उचलायचं आणि म्हणायचं, मला सापडलं. म्हणजे मूल न्यायला जे येतं ते या घरी येऊन रिकामं परत जातं. अशा मुलाचं नाव झाडू. मूल जरा मोठं झालं की आईनं सूपभर धान नेऊन द्यायचं आणि आपलं मूल त्या बाईकडून परत मागून आणायचं. एरवी ते वाढतं आईच्याच घरी. सगळा खेळ नावापुरता.

त्या दिवशी खुर्शीदा, तेव्हाची नवी सून, नवऱ्याबरोबर मोहफुलाच्या खरेदीला बैलगाडीतून टोल्यावर गेली होती. बायकांनी तिलाच फाटकाबाहेर उभं केलं.

"मैं तो डर गई थी गुर्जी," अम्मा म्हणाल्या. "एवढासा. चुव्याच्या पिल्लावानी लाल. मी उचलला तर माझं बोट धरलं यानं. क्यों रे, धरला था ना?"

"मले का मालूम अम्मा," झाडू दोर वळता वळता म्हणाला. "मी त कचऱ्यात होतो."

अम्मा पोट धरून हसल्या. पुढचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर आई सूप घेऊन आली. त्या वर्षी धान बेताचं होतं, सूप काठोकाठ भरलेलं नव्हतं. खुर्शीदा गमतीनं म्हणाली, "इत्त्ये से धान में मेरा बेटा? नाई देत, जा. पुढच्या साली मोठं सूप आन." दोघी हसल्या. आईनं सूप डोक्यावर घेतलं, मुलाचं बोट धरलं आणि परत गेली. त्या पावसाळ्यात टोल्यावर हगवणीची साथ आली आणि ती त्यात गेली. चार दिवसांनी बाप मुलाला घेऊन अम्मांच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "तुमचाच हाय. तुम्ही देल्लाच नाई."

"तब से मेरा है," अम्मा म्हणाल्या. "एक हसण्याची बात केली मी. बस, एक बात."

झाडू त्या घरात बाबूभाईंच्या बरोबरीनं वाढला. बाबूभाई शाळेत गेले, हा वासरांमागे गेला. चारचौघांत तो त्यांना "भाई" म्हणायचा, शेतावर दोघेच असले की "बाबू". बाबूभाई त्याला "झाड्या" म्हणत. पोटाला कमी नव्हतं. ईदेला बाबूभाईंना कापड यायचं त्यातलंच त्याला यायचं. मांडवसाला, म्हणजे गुढीपाडव्याला, बाकी गावातले सालगडी मालक बदलायचे. कोणी या घरून त्या घरी जायचा, कोणी भांडून आलापल्लीला लाकूड कटाईवर निघून जायचा. झाडूला त्या दिवशी कोणी काही विचारत नसे. घरच्या माणसाला काय विचारायचं?

त्याचं लग्नही अम्मांनीच लावून दिलं, टोल्यातल्याच रंजीताशी. रंजीता ठेंगणी, सावळी, बोलायला धारदार. गोठ्यामागच्या खोलीत तिनं बरीच वर्षं काढली. तिथेच मुलगी झाली, मोठी झाली आणि लग्न होऊन सिरोंच्याकडे गेली. मग झाडूचा बाप वारला. तीन बांध्या ओस पडायला आल्या. रंजीता एक दिवस गाठोडं घेऊन टोल्यावर गेली ती तिथेच राहिली.

"मी जातो," ती त्याला म्हणाली होती. "तू मांगून ये."

हे "मागून ये" पुढे पंधरा वर्षं लांबलं.

रंजीताची अडचण साधी होती. आमच्याकडे बाई धानाची सगळी कामं करते, पण नांगराला हात लावत नाही. तिला चुलत दिरांची वाट पाहावी लागायची. ते आधी आपल्या बांध्या नांगरायचे, मग भावाच्या, मग मेव्हण्याच्या, आणि सगळ्यांचं झालं की हिच्या. तोवर तिचे पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, म्हातारे होऊन जायचे. उतरता पाऊस, उशिराची रोवणी, लोंब्या अर्ध्या पोकळ. आणि तिचा नवरा पंचक्रोशीत पहिला चिखल करणारा. बाबूभाईंची रोवणी आटोपली की लोक बघायला यायचे, इतके धुरे, म्हणजे बांध, सरळ.

बाबूभाई वाईट नव्हते. ते दरवर्षी म्हणत, "अबे, बैल घेऊन जा ना एक दिवस. तिची बांधी नांगरून दे." झाडू जायचा. उजाडता निघायचा, दिवसभर नांगरायचा, आणि सूर्य झाडांआड जायच्या आत परत. रात्री तिथे राहायचा नाही. कारण दिवस कलला की अम्मा ओसरीच्या टोकाशी येऊन उभ्या राहायच्या. टोल्याच्या वाटेकडे बघत राहायच्या.

अम्मांना भीती होती. त्यांनी त्याला परत दिला नव्हता, म्हणून तो जगला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. परत दिला असता तर आईच्या मागोमाग गेला असता. आता देणं त्यांच्या हातात उरलेलं नव्हतं, कारण घेणारी आईच नव्हती. मी एकदा समजावायला गेलो तर म्हणाल्या, "गुर्जी, तुमची बात सही है. पण तुम्ही उचलला नव्हता ना. मैं उठाई थी."

झाडूला स्वतःला काय वाटायचं ते सांगणं कठीण. विचारलं की विनोद करायचा. पण एकदा भिंतीपलीकडून मी ऐकलं, मोऱ्याला सांगत होता, "तुले बरं हाय लेका. तुले बाजारातून आनला. बाजारातून आनला त इकता येते."

चौऱ्याण्णवच्या मांडवसाला रंजीता आली. डोक्यावर सूप, सुपात धान, काठोकाठ, वर लाल कापड. मी बाबूभाईंकडे चहाला बसलो होतो. तिनं सूप अम्मांच्या पायाशी ठेवलं.

"अम्मा, माह्या मानूस दे."

अम्मा सुपाकडे बघत राहिल्या. "तेरे हाथ में कैसे दूँ? माय घेते. बायको कुठी घेते?"

"माय मेली."

"मालूम है."

"मंग का जन्मभर तो कचऱ्यातच राह्यल का?"

बाबूभाई मध्ये पडले. "अगं, घेऊन जा ना त्याले. मी का बांधून ठेवलं? झाड्या, जा. हौ म्हन आन जा."

"बाबू, तू चुप," अम्मा म्हणाल्या.

झाडू अंगणाच्या मध्यभागी उभा होता. हातात बैलांचं दावं. तो अम्मांकडे बघे, मग रंजीताकडे, मग दाव्याकडे. शेवटी बाबूभाई उठले, त्याच्या हातातलं दावं काढून घेतलं आणि त्याला पाठीवर हात ठेवून फाटकाकडे वळवलं. तो गेला. रंजीता पुढे, तो मागे. फाटकातून बाहेर पडताना त्यानं पाय असा जपून उचलला की मला वाटलं उंबरठा तापलेला आहे. सूप तिथेच राहिलं. अम्मांनी त्याला हात लावला नाही. दुपारी कोंबड्यांनी त्यातलं धान टिपलं.

टोल्यावर त्यानं पहिल्या काही दिवसांत बोडीची पाळ बांधली, घराच्या कुडाला माती लावली. रंजीता नंतर मला सांगायची, "गानं म्हने तो गुर्जी. मले मालूमच नोयतं याले गानं येते."

मग त्याला थंडी वाजून ताप भरला.

आमच्या भागात हिवताप नवा नाही. शाळेतली निम्मी मुलं दर पावसाळ्यात त्यानं आजारी असतात, उन्हाळ्यातही सोडत नाही. पण हा ताप वेगळा मानला गेला. टोल्यातला म्हातारा म्हणाला, वापस न देता आला, लेकरं न्यायले येते त्यानं आता ओळखलं त्याले. ही बातमी पळसबोडीला पोचायला वेळ लागला नाही. अम्मांनी भर उन्हात बैलगाडी जुंपायला लावली. पासष्टीची बाई, गुडघे धरलेले. छत्री घेऊन स्वतः गेल्या. झाडू घोंगडीत थरथरत होता. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रंजीताला म्हणाल्या, "देखा? देखा ना?"

रंजीता स्वतःच घाबरली होती.

मुलचेऱ्याच्या दवाखान्यात त्याला गोळ्या मिळाल्या, रक्त तपासलं, हिवतापच निघाला. अम्मा त्याच्या खाटेशेजारी खाली बसून राहिल्या. त्याला चमच्यानं भाताची पेज पाजली, ओकला तेव्हा ओंजळीत धरलं. बरा झाल्यावर गाडी सरळ पळसबोडीला आली. गोठ्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ऐकलं, "उठा महाराज." आवाज बारीक झाला होता.

त्यानंतर त्यानं जायचं नाव काढलं नाही.

अम्मा नव्याण्णवच्या थंडीत गेल्या. शेवटचे काही दिवस झाडू त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून असायचा. बाबूभाईंना वाटत होतं, आता आई सोडवेल. एक शब्द बोलेल. त्यांनी कानाशी वाकून विचारलंही, "अम्मा, झाड्याचं काय?" अम्मांनी डोळे उघडले. झाडूचा हात शोधला आणि बाबूभाईंच्या हातात दिला. "मेरे झाडू को संभालना. इसको कहीं मत भेजना. अकेला है ये."

बाबूभाईंनी हो म्हटलं. मरणाऱ्या आईला दुसरं काय म्हणतात?

बाहेर ओसरीवर रंजीता उभी होती. तिनंही ते ऐकलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि रडणाऱ्या बायकांत जाऊन बसली. अम्मासाठी ती खरंच रडली, मी पाहिलं आहे.

यानंतर झाडू झपाट्यानं उतरला. गुडघे गेले, डाव्या डोळ्यात फूल पडलं. चिखलात दिवसभर उभं राहून पायाच्या बोटांमधली कातडी कायमची पांढरी झाली होती. आधी नांगर दुसऱ्याच्या हातात गेला, मग बैलगाडी. बैल तेवढे राहिले. कबऱ्या-मोऱ्या केव्हाच गेले होते, पण नव्या जोडीलाही त्यानं तीच नावं ठेवली होती.

मग बाबूभाईंच्या मुलानं, वाजिदनं, ट्रॅक्टर घेतला. वाजिद चांगला मुलगा, माझ्याच हाताखाली शिकलेला. झाडूला चाचा म्हणायचा, त्याला एक जुना रेडिओही आणून दिला होता. बैल विकायचं त्यानं झाडूला सांगितलं नाही, कारण सांगण्याचं धाडस झालं नाही. बाजाराच्या दिवशी झाडूला काहीतरी काम काढून दुसरीकडे पाठवलं. परत आला तेव्हा गोठा झाडून स्वच्छ केलेला होता.

त्या वर्षीच्या पोळ्याची आदली संध्याकाळ मला आठवते. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. झाडू वाटीत हळद-लोणी कालवून, पळसाची पानं घेऊन अंगणात आला आणि उभाच राहिला. वाजिदला काय करावं कळेना. तो उगाच हसत म्हणाला, "चाचा, ट्रॅक्टरचाच खांदा शेका ना औंदा."

झाडूनं ऐकलं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाजवळ गेला. वाकून, जिथे कान असावा असं त्याला वाटलं तिथे, म्हणाला, "आज आवतन घ्या." पुढचं काही बोलला नाही. वाटी तिथेच चाकाजवळ ठेवली. वाजिद आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं झाडूला नवं धोतर दिलं, नेहमीपेक्षा चांगलं.

आता झाडूला काम उरलं नव्हतं. स्वस्थ बसवेना, म्हणून अंगण झाडायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "का गा, झाडूच्या हाती झाडू?" तो तोंडावर हात धरून हसायचा. दरवेळी हसायचा. मी एकदा म्हटलं, "झाडूभाऊ, आता काय अडलं आहे? बैल नाहीत, अम्मा नाहीत. जा घरी."

"कोन देते मले गुर्जी?" तो म्हणाला. "देनारी गेली, घेनारी त कवाचीच गेली."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कोणी म्हणावं, नदीला पाणी आहे, पलीकडे जाता येत नाही.

दोन हजार चार साली वाजिदनं गडचांदूरला ट्रक घेतले. सिमेंटच्या कामावर चालवायचे. बाबूभाईंनाही तिकडेच न्यायचं ठरलं. जमीन ठेक्यानं दिली, दुकान आधीच बंद झालं होतं, घराला कुलूप लागणार होतं. आणि झाडू? बाबूभाई मला म्हणाले, "नेतो त्याले. गोदामाजवळ खोली हाय. बसून राह्यल. अम्माले बोललो ना मी."

"त्याला विचारलंत?"

"तो का म्हनल? हौ म्हनला."

ही गोष्ट टोल्यावर पोचली. गडचांदूर म्हणजे रंजीतासाठी परदेशच. तासाभराच्या वाटेवर नवरा होता तोवर आधी नांगराचा एक दिवस होता, तो गेल्यावर निदान बाजारात भेट होती. आता तीही नव्हती.

सामान निघायच्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो होतो. ट्रक अंगणाबाहेर उभा. खाटा, कपाट, अम्मांची लोखंडी पेटी वर चढली होती. झाडू आपलं गाठोडं आणि रेडिओ घेऊन ट्रकच्या सावलीत बसला होता. घर मागे घाण ठेवून जायचं नाही म्हणून वाजिदची बायको निशात रिकाम्या खोल्या झाडत झाडत ओसरीवर आली होती.

रंजीता फाटकातून आली. या वेळी सूप नव्हतं. हात रिकामे. ती सरळ बाबूभाईंपुढे उभी राहिली.

"भाई, याले नेऊ नका."

"रंजीताबाई, मी अम्माले बोलून बसलो. आन मी परत कसा देऊ? तूच सांग. कोनाच्या हातात देऊ?"

"परत नका देऊ." रंजीता म्हणाली. "झाडून टाका."

बाबूभाईंना कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. झाडूला मात्र कळलं. त्यानं मान वर केली.

"माह्या सासूनं टाकला तसा टाका," रंजीता म्हणाली. "केरात. फाटकाच्या बाहीर. टाकलेला कोनीबी उचलते. तवा अम्मानं उचलला, आता मी उचलतो. त्याले मायच पाह्यजे असं नाई. पाह्यजे का गुर्जी?"

मी म्हटलं, "नाही. उचलायला कोणीही चालतं."

बाबूभाईंचा चेहरा लाल झाला. "पागल झाली का तू? जन्मभर खपला तो या घरात. माह्या भाऊ हाय तो. त्याले मी झाडू मारू? लोक थुंकतील माह्यावर."

"मंग ने त्याले गडचांदूरले. मरू दे गोदामात."

"इज्जतीनं ठेवीन मी त्याले!"

"हौ ना," रंजीता म्हणाली. "ठेवूनच राह्यले सारे."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला हात उचलला आणि वाजिदनं खूण करून थांबवला. तेवढ्यात झाडू उठला. गुडघ्यावर हात देत, हळूहळू. निशातनं ओसरीवरून लोटलेला केर अंगणात फाटकाशी गोळा झाला होता. कागद, सुतळ्या, माती, कोंबडीची पिसं. झाडू त्या केरात जाऊन बसला. गुडघे पोटाशी घेतले. पाच फूट नऊ-दहा इंचाचा माणूस, जमेल तेवढा लहान झाला.

"निशातबाई," तो म्हणाला, "तुह्यं झाडनं चालूच हाय ना. झाड."

निशात त्या घरात तीन-चार वर्षांपूर्वी आलेली, बल्लारपूरची मुलगी. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. बाबूभाईंनी तोंड फिरवलं आणि ट्रकच्या दोरांची गाठ तपासू लागले. ती गाठ आधीच पक्की होती. निशातनं खराटा उचलला, तो खाली ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा उचलला. मग ती वाकली. आधी त्याच्या भोवतालचा केर लोटला. मग त्याच्या पावलांना खराटा लागला. झाडू बसल्या बसल्या ढुंगणानं थोडा पुढे सरकला. ती लोटत गेली, तो सरकत गेला, फाटकाच्या पलीकडे.

कोणीतरी हसलं. मग आणखी एकजण. झाडूही तोंडावर हात धरून हसला, आणि हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले ते थांबेनात.

रंजीतानं त्याच्या काखेत हात घातला. तिला तो उचलता आला नाही, मी दुसऱ्या बाजूनं धरलं. त्याच्या धोतराला कोंबडीचं पीस चिकटलं होतं.

"मले सापडला," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कचऱ्यात होता. मी उचलला. माह्या आता."

बाबूभाई तोवर ट्रकमध्ये बसले होते. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसता बाहेर धरला. झाडूनंही हात वर केला. रेडिओ गाठोड्याबरोबर खाली राहिला, नाहीतर तोही गेला असता.

टोल्यावरच्या म्हाताऱ्यानं भाकीत केलं होतं की झाडू तो पावसाळा काढणार नाही. श्रावणात त्याला हिवताप आलाही. रंजीतानं दवाखान्यातून गोळ्या आणल्या, त्याच्या तोंडात कोंबल्या आणि पाणी पाजलं. तो बरा झाला. त्या वर्षी रोवणीला एका दिरानं, बहुधा शरमेनं, तिच्या बांध्या सर्वांआधी नांगरल्या. झाडू धुऱ्यावर बसून "डावीकडं घे, डावीकडं" असं ओरडत होता. धान चांगलं झालं.

मी निवृत्त झालो आणि चंद्रपूरला जाण्याआधी दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर त्यांना भेटायला टोल्यावर गेलो. घर सारवलेलं, दारात धानाच्या लोंब्यांचं झुंबर. रंजीता चुलीशी होती. झाडू बाहेर ओट्यावर, भिंतीपासून हातभर दूर, पाय जवळ घेऊन बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी त्याला बसवलं.

"कसं काय झाडूभाऊ? घरी बरं वाटतं ना?"

"लय बरं हाय गुर्जी," तो म्हणाला. "लय चांगली ठेवते. पावन्यावानी ठेवते मले."

आतून रंजीता ओरडली, "सांगा त्याले गुर्जी! घरात पानी पेवाचं त मले इचारते. भात वाढून घेत नाई. रात्री ओट्यावरच झोपते, आंदर ये म्हटलं त म्हनते, येऊ का? दोन साल झाले, येऊ का, येऊ का."

झाडू तोंडावर हात धरून हसला. पहाटे तो अजून अंधारातच उठतो, हे तिनं चहा देताना सांगितलं. अंगणात खुंट्याजवळ जाऊन उभा राहतो. खुंट्याला बैल नाही. थोडा वेळ उभा राहून परत येतो.

चहा झाल्यावर मी निघालो. झाडू मला बोडीच्या पाळीपर्यंत पोचवायला यायला उठला. काठी घेतली, दोन पावलं टाकली आणि थांबला. मागे वळून दाराकडे पाहिलं.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, आता रंजीता रागावणार.

"जा," ती म्हणाली. "दिवस बुडाला तरी चालते."

झाडू माझ्याबरोबर चालू लागला. बोडीच्या पाळीवर पोचल्यावर मी त्याला बसू या म्हटलं. तो बसला नाही. झाडांआड सूर्य उतरत होता, तिकडे बघून म्हणाला, "मी वापस जातो गुर्जी. दिवस बुडून राह्यला."